केळीचें सासर

आमच्या खानदेशांत केळीला परकी म्हणण्याचें धाडस कोणी करणार नाहीं. तापी आणि सातपुडा यांच्या मधल्या रावेर-यावलच्या काळ्या जमिनींत मृगबाग आणि कांदेबाग अशा दोन हंगामीं ती लागते. जळगांवच्या केळीला २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून तर आमचा अभिमान अधिकच वाढला आहे.

त्या अभिमानाला एका विद्यार्थ्यानें धक्का दिला. उन्हाळ्याच्या अखेरच्या वादळानें त्याच्या वडिलांची बाग एका रात्रींत आडवी केली होती. कॉलेज उघडल्यावर त्यानें विचारलें, "सर, एक्वादोर हा देश आहे तरी कसा? जगाला सर्वांत जास्त केळीं तोच विकतो म्हणे." आधीं धुळ्यास व मग जळगांवास, अशीं तीस वर्षें आम्ही इंग्रजी वाङ्मय शिकवीत आलों. लंडनच्या गल्ल्या आम्हांस डोळे मिटून सांगतां येतात. पण या प्रश्नापुढें आम्ही निरुत्तर झालों. रात्रीं नकाशा उघडून बसलों.

दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील हा देश महाराष्ट्राहून लहान आहे. नांवाचा अर्थच विषुववृत्त. पॅसिफिककांठची सखल पट्टी, मध्यें अँडीज पर्वत, पलीकडे ॲमेझॉनचें अरण्य आणि समुद्रांत दूर गॅलापागोस बेटें, असे त्याचे चार भाग. राजधानी कीटो सुमारें २,८५० मीटर उंचीवर. म्हणून विषुववृत्ताजवळ असूनहि तेथें आमच्या वैशाखाची कल्पना यावयाची नाहीं. चिंबोराझो शिखर एव्हरेस्टहून ठेंगणें. परंतु पृथ्वी मध्यावर फुगलेली असल्यामुळें भूकेंद्रापासून सर्वांत दूर तेंच. इंकांचें साम्राज्य, सोळाव्या शतकापासून स्पेनची सत्ता, २४ मे १८२२ ची पिचिंचाची लढाई आणि १८३० पासून स्वतंत्र प्रजासत्ताक, असा त्याचा इतिहास. कारभार स्पॅनिशमध्यें चालतो. डोंगरांतल्या घरांत मात्र किचवा अजून बोलली जाते, जशी आमच्याकडे अहिराणी. २००८ च्या राज्यघटनेनें तेथें निसर्गालाच हक्क दिले. असें करणारा तो पहिला देश. नदीला आई म्हणून तिच्यांत सांडपाणी सोडणाऱ्या आम्हांस हें ऐकून खालीं पाहावें लागलें.

केळ मुळची आपल्या आशियाची. तोमास दे बेर्लांगा नांवाच्या स्पॅनिश धर्मोपदेशकानें १५१६ सालीं ती कॅनरी बेटांतून अमेरिकेकडे नेली, असें सांगतात. हाच गृहस्थ १५३५ मध्यें जहाज भरकटून गॅलापागोसला लागला! तेव्हां एक्वादोर हें आमच्या केळीचें सासर. उलट मिरची आणि भुईमूग तिकडच्या खंडांतून आमच्याकडे आले. खानदेशी भरितांत वांगें तेवढें घरचें.

उत्पादनांत भारत पहिला, निर्यातींत एक्वादोर. आपलीं केळीं बहुतेक आपणच खातों. त्यांचें गिऱ्हाईक समुद्रापलीकडे. म्हणून तेथें घड तारेवरून ओढून आणतात, फण्या धुऊन पेट्यांत भरतात आणि थंड जहाजांतून रवाना करतात. परंतु धोका दोघांनाहि एकच. ग्रो मिशेल ही निर्यातीची जुनी जात पनामा रोगानें विसाव्या शतकाच्या मध्यास बाजारांतून उठविली. तिच्या जागीं आलेल्या कॅव्हेंडिशवर त्याच रोगाचा नवा प्रकार आतां उठला आहे. भारतांत तो शिरला आहे, आणि २०१९ मध्यें एक्वादोरच्या शेजारच्या कोलंबियांतहि आढळला.

पावसाळ्यांत आम्ही त्या मुलाच्या बागेंत गेलों. कापलेलीं खोडें बांधावर कुजत होतीं. आमचें सर्व निरूपण वडिलांनीं शांतपणें ऐकलें आणि विचारलें, "तिकडे वादळ येतं का हो, सर?"

विषुववृत्ताच्या इतक्या जवळ चक्रीवादळ सहसा फिरकत नाहीं, पण एल निनोचा पूर येतो, असें आम्हीं सांगितलें. १९८२-८३ आणि १९९७-९८ मध्यें त्या पुरानें तिकडचे रस्ते आणि बागा उद्ध्वस्त केल्या. तोच समुद्र तापला कीं पुष्कळदां आमच्याकडे पाऊस ओढ देतो.

"म्हणजे तेही आपल्यासारखे आभाळाकडेच बघतात," असें म्हणून ते खोडाशेजारच्या नव्या पिलाला माती लावूं लागले.

त्या दिवसापासून आमच्या वर्गांत इंग्लंडच्या नकाशाशेजारीं दक्षिण अमेरिकेचाहि नकाशा आहे.