आमचा करकरणारा जिना आणि अंकगणित श्रेढी



घर नवं केलं की लोक वास्तुशांतीचे फोटो दाखवतात. मी आज तुम्हाला त्यानंतरची कटकट सांगणार आहे. त्यात एक चूक माझी स्वतःची आहे, तीही सांगते.

आमचं घर सात रस्त्याजवळच्या गल्लीत. खाली दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, वर माडी. माडीची जमीन म्हणजे सागवानी तुळयांवर ठोकलेल्या फळ्या. जिनाही सागवानी, मागून मोकळा. १२ पायऱ्या, आणि तेरावं पाऊल माडीवर. माझे सासरे, त्यांना मी मामा म्हणते, मिलमध्ये होते. सोलापुरात १८७७ साली पहिली कापड गिरणी निघाली, जिला आपण जुनी मिल म्हणतो, तेव्हापासून या गावात कितीतरी घरांचं घड्याळ भोंग्यावर चाललं. आमचंही त्यातलंच. मामा पाळी संपवून मध्यरात्री यायचे, आणि मुलं जागी होऊ नयेत म्हणून जिन्यावर भिंतीच्या कडेनं पाय टाकायचे. फळी मधोमध जास्त दबते, कडेला तिला आधार असतो, म्हणून कडेला आवाज कमी होतो. हे त्यांना कुठल्या सरांनी शिकवलं नव्हतं.

आता मामा ७९ वर्षांचे. त्यांना काचबिंदू आहे. समोरचं दिसतं, पण कडेचं आणि पायाखालचं जवळजवळ नाही. तरीही रोज संध्याकाळी माडीवरच्या खिडकीत जाऊन बसणार. आम्ही नको म्हटलं की म्हणायचे, "अगं, हा जिना मला पाठ हाय."

घराचं काम गणपतीनंतर सुरू झालं आणि दिवाळीला संपलं. खालची जमीन शहाबादी फरशीची होती. शहाबाद म्हणजे आपल्या सोलापूर-वाडी रेल्वेमार्गावरचंच गाव, त्यामुळे इकडच्या जुन्या घरांत हीच फरशी. ती उखडायची म्हणजे धूळ, मजुरी आणि चार दिवस जास्त. काम करणारा म्हणाला, "मॅडम, हिच्यावरच टाइल बसवू." मी हो म्हटलं. जिन्याच्या फळ्या पॉलिश करायला काढल्या होत्या, त्या त्याच भोकांत तेच खिळे मारून परत बसवल्या. माडीवरच्या सहा फळ्या वाळवीनं खाल्ल्या होत्या, तिथे नव्या घातल्या. पावसाळा नुकताच संपलेला, लाकडात ओल होती. पण दिवाळीला सगळं कसं झकास दिसत होतं!

होळी झाली आणि घर बोलायला लागलं.

आधी माडीवरच्या नव्या फळ्या, मग जिना. पाऊल टाकलं की कर्रर्र. लेक दहावीला, माडीवर अभ्यासाला बसायची. रात्री ती पाणी प्यायला उतरली की सगळं घर जागं. शेजारच्या काकूंनी तर विचारलं, "रात्री काय दळण घालता का काय?"

इथे जरा विज्ञानाचा तास घेते. लाकूड हवेतली ओल पितं आणि सोडतं. ओल सुटली की ते रुंदीला आकसतं, लांबीला फारसा फरक पडत नाही. आपल्या सोलापूरचा उन्हाळा तुम्हाला माहीतच आहे, पारा चाळिशी ओलांडतो आणि हवा कोरडी ठक्क. फळी आकसली की तिच्यात आणि खिळ्यात फट पडते. पाय पडला की फळी खिळ्यावरून खालीवर घासते. घासताना दोन पृष्ठभाग क्षणभर एकमेकांना धरतात, जोर वाढला की सुटतात, लगेच पुन्हा धरतात. हे धरणं-सुटणं एका क्षणात कितीतरी वेळा होतं, आणि आपल्याला तोच आवाज ऐकू येतो. वर्गात फळ्यावर खडू किंचाळतो ना, तोही याच कारणानं. नवा लांब खडू जास्त किंचाळतो, मोडून अर्धा केला किंवा तिरपा धरला की गप्प होतो. मुलांना हे करून दाखवा, घर्षणाचा धडा पुस्तकाशिवाय समजतो.

मी शिक्षिका, म्हणून आधी खडूचीच पूड फटींत भरली. काही उपयोग झाला नाही, खडूची पूड खरखरीत असते. मग अंगाला लावायची पावडर भरली. तिच्यात शंखजिरं असतं, खनिजांत सगळ्यात मऊ. आवाज कमी झाला. पेन्सिलीचं शिसं किसून घातलं, त्यानंही फरक पडला. (ते शिसं नसतं, ग्रॅफाइट असतं, हे तुम्हाला सांगायला नकोच.) पण आठ-दहा दिवसांत पुन्हा कर्रर्र. पावडर घर्षण कमी करते, सैल फळी घट्ट करत नाही.

आमच्या ह्यांचं म्हणणं, लाकडी जिना काढून लोखंडी बसवू. मी म्हटलं, परीक्षा होऊ दे.

परीक्षा झाली आणि त्याच आठवड्यात मामा पडले. उतरताना, शेवटच्या पावलाला. हातावर भार आला आणि मनगटाचं हाड चिरलं. सहा आठवडे प्लॅस्टर.

खरं सांगायचं तर दिवाळीपासून ते जिन्याच्या तळाशी अडखळत होते. आम्ही रोज बघत होतो आणि "वय झालं" म्हणून सोडून देत होतो. दवाखान्यातून आल्यावर मी त्यांच्याजवळ बसले, तेव्हा ते म्हणाले, "आधी चौथी आणि नववी बोलायची. त्यावरनं मला कळायचं कुठं आलोय. आता सगळ्याच बोलतात, मोजणी चुकते. आणि खाली आलं की जमीन लवकर येती."

जमीन लवकर येती. हे मी चार महिन्यांत त्यांना एकदाही विचारलं नव्हतं.

लेकीनं पट्टी आणली. प्रत्येक पायरीची उंची १८० मिलिमीटर, पण सगळ्यात खालची फक्त १२८. नवी टाइल आणि तिच्याखालचा मसाला मिळून जमीन ५२ मिलिमीटर वर आली होती. आपला पाय जिन्याची उंची पहिल्या दोन-तीन पायऱ्यांत पाठ करतो आणि पुढे न बघता चालतो. डोळे चांगले असले तरी माणूस अशा ठिकाणी अडखळतो. मामांचे तर पायच डोळे होते. चार दिवसांची धूळ वाचवायला मी त्यांना ही खालची पायरी दिली होती.

मग एका ओळखीच्या म्हाताऱ्या सुताराला बोलावलं. त्यानं चपला काढल्या, अनवाणी वरखाली दोनदा चालला आणि जिथे फळी हलते तिथे खडूनं खूण करत गेला. म्हणाला, "लाकूड चांगलं हाय ताई, काढू नका. खिळा लाकडात नुसता बसतो, स्क्रू पकडून ठेवतो." ५२ मिलिमीटरचं काय करायचं यावर मात्र तो डोकं खाजवत बसला. टाइल फोडायला ह्यांनी नकार दिला, आणि तो माझ्यावरच उलटणार हे मला माहीत होतं.

तेवढ्यात लेक म्हणाली, "आई, वाटून टाकू या ना. ५२ भागिले १३, चार."

तिनं वहीत मांडलं. चढायची उंची १३ ठिकाणी आहे, तर प्रत्येक ठिकाणी ४ मिलिमीटर कमी करायचे. म्हणजे पहिल्या पायरीखाली ४८ मिलिमीटर भर, दुसरीखाली ४४, तिसरीखाली ४०, असं करत बाराव्या पायरीखाली ४. मग प्रत्येक पायरी १७६ ची होते. पहिलं पद ४८, सामान्य फरक उणे ४, पदं १२. पंधरा दिवसांपूर्वी ज्या अंकगणित श्रेढीला ती शिव्या घालत होती, तीच ही. सुतारानं वही हातात घेतली, दोनदा वाचली आणि म्हणाला, "पोरगी हुशार हाय की!"

काम तीन दिवस चाललं. फळ्या काढल्या, दोन्ही बाजूंच्या तिरप्या तुळयांवर मापाप्रमाणे भर चिकटवली, वर त्याच फळ्या स्क्रूनं आवळल्या. स्क्रूला साबण लावला की जुन्या सागवानात तो सहज उतरतो, हे मला नव्यानं कळलं. जिथे खाच झिजली होती तिथे पाचर मारली. माडीवरच्या नव्या फळ्याही स्क्रूनं तुळयांना बांधल्या. आकसायच्या तेवढ्या त्या आता आकसल्या होत्या.

मामा म्हणत होते, एखादी पायरी सैल ठेव, मला खूण राहील. सुतारानं साफ नाही म्हटलं, "सैल फळी ठेवून मी जाणार न्हाय." मग सगळ्यात खालच्या आणि सगळ्यात वरच्या पायरीला खरबरीत रबरी पट्टी लावली, अनवाणी पायाला लगेच कळते. कठडा शेवटच्या पायरीच्या पुढे हातभर वाढवला. कडांना पिवळा रंग दिला, तो आमच्यासाठी.

तुम्ही घरकाम काढणार असाल तर फरशीवर फरशी घालण्याआधी जिन्याची खालची पायरी मोजा. शाळेतही पाचवी-सहावीच्या मुलांना पट्ट्या देऊन जिना मोजायला लावा. आमच्या वर्गानं शाळेचा जिना मोजला, तर एक पायरी इतरांपेक्षा २० मिलिमीटर उंच निघाली. मधल्या सुट्टीत पोरं तिथेच का पडतात, ते त्यांचं त्यांनाच कळलं. मुख्याध्यापकांना अर्ज मुलांनीच लिहिला.

मामांचं प्लॅस्टर गेल्या आठवड्यात निघालं. पहिल्या दिवशी लेक त्यांच्या पुढे उलटी उतरत होती, ते मोठ्यानं मोजत होते. बारा, तेरा, आणि पाय टाइलवर. नववी पायरी मात्र अजून करकरते. घट्ट आहे, हलत नाही, तरी बोलते. सुतार म्हणतो पावसाळा झाल्यावर बघू. मामांनी त्याला येऊ नको म्हणून सांगितलंय.