गड, पायथा आणि नदीकाठ

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपले वडीलधारे सांगून गेले आहेत. घर उभारण्यात किती यातायात असते, हे त्या म्हणीवरून कळते; परंतु ते कोठे असावे, याविषयी म्हण मुकी आहे. वास्तविक खरा पेच तेथेच असतो. भिंत पाडून पुन्हा बांधता येते, छप्पर बदलता येते. वस्ती मात्र बदलता येत नाही.

वारणानगरात आमच्या नोकरीची वर्षे सरली आणि भाड्याचे बिऱ्हाड मोडून स्वतःचे घर घेण्याची वेळ आली, तेव्हा घरात तीन पक्ष पडले. मुलांचा ओढा थेट पन्हाळगडाकडे. गृहिणीचे मत गडाच्या पायथ्याशी, बुधवार पेठेच्या बाजूस जागा पाहावी, असे. आणि ऐंशी वर्षे ओलांडलेल्या आमच्या मातोश्रींना वारणेचा परिसर सोडणेच मुळी मान्य नव्हते.

गडाची मोहिनी आम्हांसही होतीच. पन्हाळा हा नुसता किल्ला नव्हे. तटाच्या आत आजही नांदते गाव आहे, नगरपरिषद आहे. कविवर्य मोरोपंतांचा जन्म १७२९ साली येथलाच. उन्हाळ्यात सायंकाळी सज्जाकोठीपाशी उभे राहावे आणि खालचा मुलूख न्याहाळावा, यासारखे सुख थोडे. पण पाहुण्याचे डोळे निराळे आणि रहिवाशाचे निराळे. पाहुणा ज्या धुक्यावर लुब्ध होतो, त्याच धुक्यात रहिवाशाचे कपडे दिवसचे दिवस वाळत नाहीत. म्हणून आम्ही आषाढात, भर पावसात, पुन्हा गडावर गेलो.

त्या फेरीत एक गोष्ट ध्यानात आली. गड बांधणाऱ्यांनी शोभेचा विचार शेवटी केला होता. त्यांचे पहिले प्रश्न तीन : पाणी कोठे, धान्य कोठे आणि बाहेर पडण्याची वाट कोठे? अंधारबावेत तळाशी पाणी आहे आणि मधल्या मजल्यातून तटाबाहेर निसटण्याची चोरवाट आहे. अंबरखान्याच्या गंगा, यमुना, सरस्वती या कोठ्या म्हणजे धान्याची बेगमी. १६६० साली सिद्दी जौहरने गडास वेढा घातला. महिन्यांमागून महिने गेले, पावसाळा लागला, तरी वेढा ढिला पडेना. अखेर जुलैतील एका रात्री शिवाजी महाराज विशाळगडाकडे निसटले. उंची शत्रूला दूर ठेवते, तशीच ती आतल्या माणसालाही कोंडून ठेवते.

हेच तीन प्रश्न आम्ही आपल्या संसाराला लावून पाहिले. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत गडावर जाणारा मुख्य रस्ता खचला आणि वाहनांची ये-जा बंद पडली. तशा एखाद्या रात्री मातोश्रींना धाप लागली तर? शिवाय गडावर संरक्षित वास्तू पुष्कळ. २०१० च्या दुरुस्त कायद्यान्वये अशा वास्तूपासून शंभर मीटरांत नवे बांधकाम करता येत नाही, त्यापुढील दोनशे मीटरांत परवानगी लागते आणि जुन्या घराची डागडुजीही विनापरवाना होत नाही. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिला, त्यांत पन्हाळा आहे. हे निर्बंध नसते तर तट आणि बुरूज केव्हाच नाहीसे झाले असते, हे आम्ही जाणतो. परंतु गळके कौलारू घर विकत घेणाऱ्याने तेही हिशेबात धरलेच पाहिजे.

पायथ्याकडे पाहावे, तर तेथे पाऊस वरून येतो आणि डोंगरही वरच असतो. ज्या कड्याची सावली चैत्रात हवीशी वाटते, त्याच्या खाली श्रावणात निश्चिंत झोप येईलच, अशी खात्री आम्हांस वाटेना.

मग नदीकाठ निर्धोक म्हणावा काय? तसेही नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये वारणेने दोन्ही तीरांवरच्या शिवारांत आणि गावांत पाणी घातले. तात्यासाहेब कोरे यांच्या पुढाकाराने या माळावर साखर कारखाना आला, पाठोपाठ दूध संघ, शाळा, महाविद्यालय आले आणि वस्ती वाढली. तथापि नदी आपली जुनी वाट विसरलेली नाही. म्हणून जागा दाखवणाऱ्या दलालाच्या शब्दावर न विसंबता आम्ही प्रत्येक ठिकाणी शेजारच्या म्हाताऱ्या माणसांना एकच विचारीत गेलो : “त्या साली पाणी कोठवर आले होते?” कोणी ओट्याकडे बोट दाखवी, कोणी खिडकीकडे. कोडोलीच्या चढावरील एका आळीत एक वृद्धा हसून म्हणाली, “पाणी नाही आलं, पण पाहुणे लई आले. पंधरा दिवस चूल विझली नाही बघा.”

ते घर लहान आहे. अंगण म्हणावे तर चार पावले. मुलांचा हिरमोड झाला आणि धाकट्याने तर दोन दिवस अबोला धरला. त्याची समजूत घालण्यास आमच्यापाशी युक्तिवाद पुष्कळ होते. पण आठ वर्षांच्या मुलाला गडाऐवजी दवाखान्याचे अंतर गोड कसे लागावे? त्याचे दुःख खरे होते, आणि ते खरे आहे एवढे आम्ही त्यास सांगितले. सुटीच्या दिवशी गडावर नेण्याचे वचन दिले आहे. ते पाळावे लागेल.

खरेदीपत्र झाल्यावर मातोश्रींनी खोल्या किती, हे विचारले नाही. शेजारच्या त्या वृद्धेचे माहेर कोणते, एवढेच विचारले.