बांधावरची बोराटी

'ज्या गावच्या बोरी, त्याच गावच्या बाभळी' ही म्हण मी वर्गात अनेकदा समजावून सांगितली आहे. एका मातीतले एकमेकांना पुरते ओळखून असतात, हा तिचा अर्थ मला स्वतःला उमगला तो मात्र शिरूरजवळच्या आमच्या शेताच्या बांधावर.

पाखरे यावीत म्हणून बांधावर देशी फळझुडुपांचे कुंपण करावे असे मनात आले, आणि मी करवंद निवडले. त्यात वाङ्मयीन मोहच अधिक होता. 'डोंगराची काळी मैना' अशी हाळी देऊन जे विकले जाते, त्या फळाशी पाखराचे नाते भाषेनेच जोडून ठेवले आहे. घोडनदी उगम पावते त्या आंबेगावच्या डोंगराळ भागातून रोपे आणली, आणि जागा करण्यासाठी बांधावरची बोराटी खणून काढली. "तिनं काय वाईट केलं होतं?" एवढेच आई म्हणाली.

सह्याद्रीचे पाणी घोडनदीतून शिरूरपर्यंत येते. सह्याद्रीचा पाऊस येत नाही. पर्जन्यछायेतल्या आमच्या मुरमाड बांधावर करवंदे जगली ती उन्हाळाभर घातलेल्या पाण्यावर. चौथ्या वैशाखात थोडी फळे धरली, बुलबुलांनी ती खाल्ली, आणि मी कृतार्थ झालो.

त्याच पावसाळ्यात करवंदांच्या बुडाशी बोराटीचे कोंब दिसले. काही जुन्या मुळांचे असतील. पण जिथे बोराटी कधीच नव्हती, त्या विहिरीकडच्या तारेखालीही ती ओळीने उगवली होती. ही पेरणी तारेवर बसणाऱ्या पाखरांची होती. ज्यांच्यासाठी मी बोराटी काढली, तीच तिला परत आणत होती.

भालचंद्र नेमाडे यांनी १९८०च्या दशकात मांडलेल्या देशीवादावर आपण पुष्कळ वाद घातले आहेत. मीही घातले, पण 'देशी' हा शब्द उच्चारताना मी पायाखालची जमीन पाहिली नव्हती. करवंद देशी खरेच, परंतु त्या डोंगराचे. या मुरमाची देशी बोराटी होती: शेळ्यांना पाला, कुंपणाला काटे आणि पाखरांना हिवाळ्यात बोरे देणारी, कुणी पाणी न घालता वाढणारी. तिच्यावर कुणी हाळी रचली नाही, म्हणून मला ती दिसली नाही.

करवंदे मी काढलेली नाहीत. बोराटीही आता काढत नाही. गेल्या पौषात आईने तिची चार बोरे ओच्यात घेतली आणि म्हणाली, "आली बघ माघारी."