मठ्ठ माणसाला ते ठाऊक नसतं

माझ्या पहिल्या ऑडिशनला मी तोंड उघडं टाकून गेलो होतो. अक्षरशः. एका विनोदी मालिकेत धाकट्या दिराची भूमिका होती आणि हातात दिलेल्या कागदावर त्याच्या नावापुढे एकच शब्द होता: ‘मठ्ठ’. मी खालचा ओठ लोंबता ठेवला, डोकं खाजवलं, प्रत्येक वाक्याआधी एक ‘अं?’ चिकटवला. तिसऱ्या वाक्याला दिग्दर्शकाने थांबवलं.

“तू मठ्ठ आहेस, हे तुला इतकं छान कसं रे ठाऊक?”

सगळे हसले. ऑडिशनमधला तेवढाच हशा. भूमिका अर्थातच गेली. घरी येताना लोकलमध्ये मी त्या दिग्दर्शकाला मनातल्या मनात भरपूर सुनावलं.

मी एकांकिकांमधून आलेला. पुरुषोत्तम करंडकाला भरत नाट्य मंदिरात ‘आव्वाज कुणाचा’ ओरडून घसा बसवून घेतलेल्यांपैकी. तिथे हशा लगेच हातात पडतो. वाक्य फेकायचं, थांबायचं, हशा ओसरायला लागला की पुढचं वाक्य उचलायचं. ही सवय घेऊन मी पुढे एका मालिकेत शेजाऱ्याच्या छोट्या भूमिकेत उभा राहिलो आणि दुसरी माती केली. आपल्याकडच्या बहुतेक मालिकांच्या सेटवर प्रेक्षक नसतो. असतात ते लाइटवाले, आणि त्यांना जेवणाच्या ब्रेकची घाई. मी प्रत्येक पंचनंतर न आलेल्या हशासाठी थांबायचो. एपिसोड लागला तेव्हा मी दर वाक्यानंतर काहीतरी विसरल्यासारखा दिसत होतो. ‘फ्रेंड्स’चं चित्रीकरण प्रेक्षकांसमोर व्हायचं, त्यामुळे तिथले नट हशाला वाट देतात. मी त्यांचा थांबा उचलला होता, कारण मात्र उचललं नव्हतं.

मग मी अभ्यासाला लागलो. स्कॉट सेडिटा हे अमेरिकेतले अभिनय-शिक्षक. सिटकॉममधली माणसं आठ प्रकारांत बसतात, अशी त्यांची मांडणी आहे: समंजस शहाणा, हरणारा पण लोभस, चिंतातूर, मठ्ठ, खवचट, पैशाअडक्याच्या हौसेचा, दिलफेक आणि आपल्याच विश्वात रमलेला. मला घबाड सापडल्यासारखं झालं. वहीत आठ रकाने आखले. मायाबाई खवचट, रोसेश आपल्याच विश्वातला, असं करत ‘साराभाई व्हर्सेस साराभाई’चं अख्खं घर मी एका संध्याकाळी रकान्यांत भरून टाकलं.

पुढे एका मालिकेसाठी लिहायची संधी मिळाली तेव्हा हीच वही उघडली. पहिलाच सीन होता बंद पडलेल्या फ्रिजचा. घरात पाच माणसं, पाचांचे पाच प्रकार, आणि प्रत्येकाच्या तोंडी फ्रिजवर एकेक फर्मास कोटी. वाचनाला त्या मालिकेतल्या ज्येष्ठ अभिनेत्री बसल्या होत्या. सगळे त्यांना ताई म्हणायचे. वाचून झालं. ताईंनी पान माझ्यापुढे सरकवलं आणि पात्रांच्या नावांवर अंगठा ठेवला.

“हे वाक्य कोणाचं?”

“वहिनीचं.”

त्यांनी अंगठा उचलला. सासऱ्यांचं होतं. पुढचं विचारलं, तेही चुकलं. स्वतःच लिहिलेल्या पाच वाक्यांपैकी तीन मला ओळखता आली नाहीत.

“अरे, ही सगळी तुझीच वाक्यं आहेत,” ताई म्हणाल्या. “ह्या माणसांना फ्रिज बंद पडल्याचं काहीच वाटत नाही का?”

त्या रात्री मी वही बाजूला ठेवली आणि प्रत्येकाला फ्रिजकडून काय हवंय, एवढंच लिहिलं. सासरे चिकट, वाया जाऊ नये म्हणून ते चार दिवसांचं शिळंपाकं एकट्याने संपवायला बसतात. वहिनीला दोन दारांचा नवा फ्रिज हवाय, म्हणून ती मेकॅनिकला फोन लावते आणि रिंग वाजायच्या आत कापते. थोरला वॉरंटी कार्ड मोठ्याने वाचतो. सासूबाईंना सासऱ्यांच्या पोटाची काळजी, म्हणून त्या प्रत्येक वाटीबरोबर एक गोळी ठेवतात. आणि धाकटा दीर? आतला दिवा लागत नाही, हाच बिघाड, असं समजून तो आत बॅटरी लावून दार बंद करतो आणि समाधानाने झोपायला जातो. कोणीही विनोद करत नाही. पुढच्या वाचनाला लोक हसले.

तेव्हा ऑडिशनचा तो टोमणा उलगडला. प्रकार म्हणजे माणसाचा हट्ट, आणि तो त्याला स्वतःला दिसत नाही. मायाबाई मॉनिशाचा अपमान करायला बसलेल्या नसतात. त्या आपल्या परीने सुनेला सुधारत असतात. रोसेशला आपली कविता भिकार आहे हे माहीत असतं, तर तो विदूषक झाला असता. ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’मधले आबा, शेखर, श्यामला, शलाका, शिऱ्या यांच्यात कोणीच विनोदी नाही, सगळे आपापल्या जागी बरोबर आहेत, आणि एकाच घरात आहेत. मोलिएरने १६६८ साली उभा केलेला कंजूष अत्र्यांनी ‘कवडीचुंबक’मध्ये मराठी केला. तो इतका सहज मराठी झाला, कारण हट्टाला भाषांतर लागत नाही.

शेवटची चूक सांगायला जीभ अडखळते. त्याच मालिकेत मी एक मोलकरीण लिहिली होती. तिला ना हट्ट, ना हौस. ती गावाकडची बोलायची, आणि तोच विनोद. सेटवर सगळे हसत होते. मेकअपदादा हसत नव्हते. मी विचारलं तर म्हणाले, “माझी आई अशीच बोलते, सर.” पुढे काही बोलले नाहीत. पफ डब्यात ठेवला आणि व्हॅनिटीकडे गेले. बोली हा पात्राचा प्रकार नसतो, हे कुठलंही पुस्तक वाचायच्या आधी मला कळायला हवं होतं. एपिसोड तसाच गेला. तो मला परत घेता आला नाही.

रकान्यांची वही अजून आहे. नवं पात्र सुचलं की आजही आधी तीच उघडतो. पण रकाना भरायच्या आधी समासात लिहितो: ‘ह्याला काय हवंय?’ उत्तर सुचलं नाही, तर ते पात्र मी लिहीत नाही.

आणि ऑडिशनमधला तो धाकटा दीर? ज्या मुलाला ती भूमिका मिळाली, त्याचे सगळे एपिसोड मी पाहिले. त्याने एकदाही डोकं खाजवलं नाही.