माळ घातली, पण झोप येईना

दादानं आषाढीला माळ घातली आणि त्याच दिवशी दारू बंद केली. सांगलीच्या मार्केट यार्डात तो हळदीच्या अडतीवर दिवाणजी. सकाळी दोन घोट पोटात गेल्याशिवाय पट्टी लिहायला हात स्थिर राहायचा नाही, इथवर गत आलेली. माळ बघून सगळ्यांना हायसं वाटलं. तिसऱ्या रात्री मात्र तो अंथरुणावरच्या मुंग्या झटकू लागला. मुंग्या नव्हत्याच. अंग घामानं थबथबलेलं, मला ओळखेना, पहाटे फिट आली. वहिनी रडत म्हणाली, "भाऊजी, देवाचं काही चुकलं का आपल्याकडून?"

देवाचा काही संबंध नव्हता. दारू मेंदूतल्या 'गाबा' या शांत करणाऱ्या रसायनाचा जोर वाढवते आणि 'ग्लुटामेट' या चेतवणाऱ्या रसायनाला दाबून ठेवते. वर्षानुवर्षं असं झालं की मेंदू तोल सांभाळायला उलट्या बाजूनं रेटा लावत राहतो. दारू एकदम थांबली की दाब जातो, रेटा तेवढा उरतो. थरथर, फिट, भास त्यातूनच. उपचार मिळाले नाहीत तर माणूस दगावूही शकतो. रोज भरपूर पिणाऱ्यानं दारू सोडायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच, हे मी आता भेटेल त्याला सांगतो.

पुढच्या उपचारांना आम्ही साताऱ्याला गेलो. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी 'परिवर्तन' संस्था उभी केली ते हे गाव. दारुड्याला पेशंट म्हणणारी माणसं मला तिथं पहिल्यांदा भेटली.

दारू सुटली, पण झोप येईना. महिने लोटले तरी दादा मध्यरात्री अंगणात येरझाऱ्या घालायचा. गाढ झोपेत मेंदूच्या लहरी अगदी संथ होतात, सेकंदाला चारहूनही कमी. बरीच वर्षं पिणाऱ्यांची ही झोप आटते आणि सोडल्यावरही लवकर भरून येत नाही. जागेपणी सेकंदाला 13 ते 30 वेगाच्या बीटा लहरींचा जोर त्यांच्यात जास्त आढळतो. काही अभ्यासांत तो त्यांच्या मुलांतही दिसला, दारूला न शिवलेल्या मुलांतही. हे वाचलं तेव्हा पुतण्याचा चेहरा डोळ्यांसमोर आला.

आणि ते शटर! संध्याकाळी यार्डातली शटरं पडू लागली की दादाचा हात आपोआप खिशातल्या पैशांकडे जायचा. मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांच्या माकडांवरच्या प्रयोगांत हेच दिसलं होतं: सवय झाल्यावर मेंदूतल्या 'डोपामाइन' या रसायनाच्या पेशी फळाचा रस मिळाल्यावर नव्हे, तर रस येणार या नुसत्या खुणेवरच चेतायच्या. दादाची खूण म्हणजे तो खडखडाट. त्यावर 'मन घट्ट कर' एवढाच उपदेश करणं मला क्रूर वाटतं. साहेबांशी बोलून आम्ही त्याची सुटी अर्धा तास आधी करून घेतली.

घरात त्याची चिडचिड होई. "यापेक्षा पीत होता तेव्हा बरा होता," असं मावशी बोलून गेली, तेव्हा मी तिच्यावर पहिल्यांदा आवाज चढवला. एक पाहुणे तर मेडिकलमधून झोपेच्या गोळ्या आणायला निघाले होते. त्यांना दारातच थांबवलं. त्यातल्या बऱ्याच गोळ्या दारूसारख्या गाबावरच काम करतात, आणि त्यांचीही सवय लागते. गोळी द्यायची की नाही ते साताऱ्याचे डॉक्टर ठरवतील, असं सांगून त्यांना चहाला बसवलं.