इखरचा गोलंदाज

मुंबईहून अहमदाबादकडे जाणारा महामार्ग आणि सुरतेहून बारडोलीस जाणारा रस्ता जेथे एकमेकांस छेदतात, ते आमचे कडोदरा. कापड छपाईच्या गिरण्यांत पोट भरण्यासाठी आम्ही नवापूरकडून येथे आलो, त्यास वीस वर्षे झाली. माझा भाचा एकोणीस वर्षांचा आहे; तोही गिरणीतच पाळी करतो.

गेल्या महिन्यात ताई घरी आली. "भाऊ, पोरगा नोकरी सोडून क्रिकेट खेळणार म्हणतो. तूच त्याची समजूत घाल."

भाच्याचा चेंडू वेगवान आहे हे मला ठाऊक होते. रविवारी त्याच्यासमोर फळी घेऊन उभे राहण्यास चांगले चांगले गडी कचरतात. पण वेगावर चूल पेटत नाही. म्हणून मी त्याला मुनाफ पटेलची हकिगत सांगावयाचे ठरविले. वाट किती बिकट आहे, हे त्यावरून त्याला कळेल असा माझा हिशेब!

याच महामार्गाने उत्तरेस गेले की भडोच जिल्हा लागतो. त्यातील इखर या खेड्यात मुनाफ १९८३ साली जन्मला. बाप शेतात राबणारा. मुलगा लाद्यांच्या कारखान्यात पेट्या भरी. दिवसाची मजुरी पस्तीस रुपये. मुलाने आफ्रिकेतील नातलगाकडे कामाला जावे, अशी बापाची इच्छा. गावातील एका परिचिताने मात्र त्याला बूट घेऊन दिले आणि बडोद्याला नेले. तेथे भारताचे माजी यष्टिरक्षक किरण मोरे यांनी त्याला पाहिले. पुढे चेन्नईची वेगवान गोलंदाजांची प्रशाला, मग मुंबईचा संघ, नंतर महाराष्ट्राचा. मार्च २००६ मध्ये मोहालीला इंग्लंडविरुद्धच्या पहिल्याच कसोटीत त्याने सात बळी घेतले.

येथवर भाच्याचे डोळे चमकत होते. म्हणून मी घाईने दुखापतींकडे वळलो. शरीराने साथ सोडली, वेग उतरला. ज्या गुणासाठी त्याला उचलले तोच गेला. अवघ्या १३ कसोटी, ३५ बळी! २०११ नंतर तो भारताकडून खेळला नाही आणि २०१८ साली निवृत्त झाला.

"पण मामा, विश्वचषक?"

तो मी मुद्दामच गाळला होता. वेग गेल्यावर मुनाफने टप्पा आणि दिशा धरली. २०११ च्या विश्वचषकात त्याने ११ बळी घेतले. बेंगळुरूला इंग्लंडला शेवटच्या षटकात १४ धावा हव्या होत्या. चेंडू मुनाफच्या हाती होता. १३ धावा निघाल्या आणि सामना बरोबरीत सुटला. ते षटक मी गिरणीच्या दारातील चहाच्या टपरीवर उभ्याने पाहिले होते. पाळीला उशीर झाला म्हणून अर्ध्या दिवसाचा पगार कापला गेला, हेही भाच्याला माहीत होते.

अमेरिकेच्या फुटबॉलमध्ये चेंडू हाताने फेकून डाव चालविणाऱ्या गड्यास क्वार्टरबॅक म्हणतात. तेथे बलवान हाताचा मुलगा प्रथम शाळेच्या संघात येतो, तेथून विद्यापीठाच्या, आणि मग व्यावसायिक संघ त्याची निवड करतात. पुष्कळ जण मध्येच गळतात. तरी वाट डोळ्यांसमोर असते. आमच्याकडे मात्र कोणा परिचिताने बूट घेऊन द्यावे लागतात.

भाचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मामा, तो बूट देणारा भेटलाच नसता तर?"

मी उत्तर दिले नाही. त्याच्या पायांत गिरणीतलेच बूट होते. एकाचा तळ सुतळीने बांधलेला. याच बुटांवर तो रविवारी धावत येतो.

नोकरी सोडू नकोस, एवढे मी त्याला बजावले आणि तो कबूल झाला. ताईला तितके सांगितले; तिला हायसे वाटले. पुढच्या रविवारी आम्ही दोघे सुरतेला बूट पाहावयास जाणार आहोत, हे मात्र अजून तिच्या कानी घातलेले नाही.