आम्ही उजनीत सोडलेला मासा

मुलांना मासे दाखवायच्या हौसेपोटी माझ्याकडून बऱ्याच चुका झाल्या. बहुतेक त्या त्या दिवसाबरोबर संपल्या. एक मात्र उजनी धरणाच्या पाण्यात जाऊन बसली आहे आणि ती आता माघारी घेता येत नाही. तिच्यासाठीच हे लिहायला बसले.

आम्ही बारामतीत राहतो. माझं माहेर इंदापूर तालुक्यातलं, पळसदेवच्या बाजूचं, उजनीच्या फुगवट्याला लागून. मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय मी शाळेच्या सहलीत पाहिलं होतं. 1951 साली सुरू झालेलं ते मत्स्यालय 2015 मध्ये नव्याने सजवून उघडलं, आत 12 फुटी पारदर्शक बोगदा केला, तेव्हापासून मुलांना तिथे न्यायचं माझ्या मनात होतं. पुढे भायखळ्याच्या राणीच्या बागेत पेंग्विन आले. मग एका मे महिन्यात ठरवलं, एकाच दिवसात दोन्ही दाखवून आणू. थोरली सात वर्षांची होती, धाकटा चार.

दौंडहून रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस धरली. मध्यरात्र उलटल्यावर मुलांना झोपेतून उठवून फलाटावर उभं केलं. गाडी सकाळी लवकर मुंबईत पोचली आणि मत्स्यालय दहाला उघडणार, म्हणजे मधला सगळा वेळ मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर, मे महिन्याच्या उन्हात. दार उघडलं तेव्हा मुलं पेंगुळलेली होती. लहान मुलांना काही दाखवायचं तर ती झोप झालेली, पोट भरलेली असावीत, एवढं साधं गणित मी गाडीच्या वेळेपायी सोडून दिलं.

आत अंधार, गारवा आणि सुट्टीची गर्दी. धाकटा एका टाकीपाशी थांबला तो हलेचना. दगडाच्या कपारीतून ईल तोंड बाहेर काढून होता, जबडा सारखा उघडत-मिटत होता. पोरगं काचेला नाक लावून म्हणालं, "आई, ही मामाकडची वाम!" माझा भाऊ फुगवट्यात जाळी टाकणाऱ्यांबरोबर होडीतून जातो, त्याच्याकडे मुलाने वाम पाहिली होती. मुंबईच्या समुद्री माशात त्याला उजनीचा मासा ओळखू आला होता. मी काय म्हणाले? "ही वाम नाही रे, हा समुद्रातला. चल लवकर, पुढे शार्क आहे." तरी तो हलेना, तेव्हा म्हणाले, "बघ कसा तोंड वासतोय, चावेल हं."

तो घाबरला आणि माझ्या कमरेला चिकटला. पुढच्या बोगद्यात, ज्याच्यासाठी इतक्या लांब आलो होतो, तिथे त्याने डोळे गच्च मिटून घेतले होते. डोक्यावरून मासे जात होते आणि मी त्याची हनुवटी धरून मान वर करत होते, फोटोसाठी. थोरली पाकटाच्या टाकीपाशी काहीतरी विचारत होती, तेही मी ऐकून घेतलं नाही. तो प्रश्न कोणता होता हे आज तिलाही आठवत नाही.

नंतर वाचलं की ईल तोंड उघडतो-मिटतो तो श्वासासाठी, पाणी कल्ल्यांवरून पुढे ढकलायला. रागाचा, चावण्याचा त्यात काही संबंध नाही. मला ते ठाऊक नव्हतं, यात मोठा गुन्हा नाही. ठाऊक नसताना भीती घातली, हा माझा दोष. करोनाच्या काळात ते मत्स्यालय बंद झालं, तेव्हा त्याच टाकीसमोर त्याला पुन्हा निवांत उभं करायची संधीही मला मिळाली नाही.

पेंग्विनच्या रांगेत दोघंही रडली आणि आम्ही परत फिरलो. ती रुखरुख होती म्हणून घरी आल्यावर मुलांना काचेची टाकी घेऊन दिली. दोन गोल्डफिश आणि एक सकर. दुकानात सांगितलं, हा काच साफ ठेवतो. टाकी त्याच दिवशी नळाच्या पाण्याने भरली, त्याच दिवशी मासे सोडले. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो, नव्या टाकीत माशांची घाण पचवणारे जिवाणू तयार व्हायला काही आठवडे लागतात, हे कोणाला विचारलंच नाही. शिवाय मुलं लाडाने दिवसभर दाणे टाकायची आणि मला ते बघायला आवडायचं. गोल्डफिश गेले. थोरलीने त्यांना तुळशीच्या कुंडीत पुरलं.

सकर राहिला. अंगावर ढालीसारखे कडक खवले, तोंड खालच्या बाजूला, दिवसभर काचेला चिकटलेला. तो वाढत गेला, इतका की टाकीत त्याला धड वळता येईना. मला त्याची दया यायला लागली आणि टाकी धुण्याचा कंटाळाही आला होता, तेही खरं. दिवाळीत माहेरी जाताना त्याला बादलीत घेतलं. फुगवट्याच्या काठावर मुलांच्या हातांनी पाण्यात सोडला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी त्यांना सांगितलं की आपण त्याला मोकळं केलं, हे पुण्याचं काम आहे.

संध्याकाळी भावाला सांगितलं. तो बराच वेळ बोललाच नाही. मग म्हणाला, "ताई, अगं हा मासा आम्ही जाळ्यातून कापून काढतो."

दुसऱ्या दिवशी त्याने मला काठावर नेलं. वाळत टाकलेल्या जाळ्यात एक सकर अडकून होता. परांचे काटे सुताच्या गाठींत रुतलेले, खवले करवतीसारखे. भावाने तो सोडवेपर्यंत जाळ्याला हाताएवढं भोक पडलं. हा मासा बाजारात कुणी घेत नाही. मूळचा दक्षिण अमेरिकेतला. हवेतूनही श्वास घेत असल्याने पाण्याबाहेर बराच वेळ तग धरतो, अंडी घालायला काठाच्या मातीत बिळं करतो, तळाचं शेवाळ खरवडून खातो आणि त्याच अन्नावर जगणाऱ्या आपल्या माशांना कमी पडतं. उजनीत तो आपोआप उगवलेला नाही. माझ्यासारख्याच कुणीतरी हौसेच्या टाकीतून त्याला पाण्यात आणून सोडलेलं आहे.

चिलापीही इथली नाही. आफ्रिकेतला हा मासा भारतात 1952 साली आणला गेला. आज भिगवणच्या, इंदापूरच्या बाजारात चिलापीचेच ढीग दिसतात. निदान ती विकली जाते, कितीतरी घरांची चूल तिच्यावर पेटते. सकर मासेमाराला भोक पडलेल्या जाळ्याशिवाय काही देत नाही, आणि जाळं विणायला दिवस जातात.

मुलांना मी खरं सांगितलं. सोपं नव्हतं, कारण पुण्याचं काम म्हणून मीच शिकवलं होतं. थोरलीने विचारलं, मग तो आता पकडून आणायचा का? तसा आणता येत नाही, हेही सांगावं लागलं. त्यानंतर सुट्टीत दोघं मामाबरोबर पहाटे होडी लागते तिथे जाऊन बसतात. मरळ, शिंगटा, कटला, रोहू ओळखतात. वाम जाळ्यात आली की धाकटा हवा तितका वेळ तिच्याकडे बघत बसतो आणि मी त्याला हाक मारत नाही.

घरच्या टाकीतला मासा नकोसा झाला, मोठा झाला, तर ज्या दुकानातून आणला तिथे परत द्या, पाळणाऱ्या दुसऱ्या कुणाला द्या. नदीत, कालव्यात, शेततळ्यात, विहिरीत किंवा धरणात तो कृपा करून सोडू नका. आणि मुलांच्या हातून तर मुळीच सोडायला लावू नका.